श्वास संपल्यानंतर काय उरते? : ‘दमसास’ या संकल्पनेची शाकुहाची, सनई आणि जात्यावरची ओवी यांच्या संदर्भात पुनर्तपासणी

बीजशब्द : दमसास, फुंक, शाकुहाची, सनईचा सूर, झील, जात्यावरची ओवी, परभणी जिल्हा

१. प्रास्ताविक

मराठी संगीतसमीक्षेत श्वासाचा विचार बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. कलावंताचा श्वास किती पुरतो, हा तो प्रश्न होय. एका श्वासात घेतलेले संपूर्ण आवर्तन, न तुटलेली तान, समेपर्यंत टिकलेला षड्ज यांना श्रोते दाद देतात आणि समीक्षक त्याची नोंद ‘दमसास’ या शब्दाने करतात. हा शब्द नेमका आणि रुजलेला आहे. तथापि तो केवळ मापाचा शब्द आहे. श्वास किती लांब, हे तो सांगतो. श्वास कुठे संपला, तो संपल्यावर त्या रिकाम्या जागेत काय ऐकू आले आणि ती जागा कोणी भरली, याविषयी तो मौन बाळगतो.

प्रस्तुत लेखात या मौनाचा विचार केला आहे. त्यासाठी जपानमधील शाकुहाची या बांबूच्या बासरीची श्वसनपद्धती प्रारंभबिंदू म्हणून घेतली आहे, कारण त्या वाद्याच्या परंपरेत श्वासाचे संपणे हीच रचनेची मुख्य घटना मानली जाते. मात्र शाकुहाचीचे केवळ कौतुक करणे हा या मांडणीचा हेतू नाही. तिच्या निकषावर आपल्याकडील बासरी, सनई आणि परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशात घरोघर गायिली गेलेली जात्यावरची ओवी यांच्याकडे पुन्हा पाहिले असता काय दिसते, हा येथील खरा प्रश्न आहे.

२. ‘दमसास’ : संज्ञेचा आवाका आणि मर्यादा

ख्यालगायनाच्या समीक्षेत दमसासाला जे महत्त्व आले, त्यामागे जयपूर-अत्रौली घराण्याचा मोठा वाटा आहे. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या गायकीतील पल्लेदार, वळणावळणाने जाणाऱ्या तानांना आणि आवर्तन अखंड बांधण्याच्या पद्धतीला दीर्घ श्वासाची गरज होती. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या गाण्याचे वर्णन करताना दमसासाचा उल्लेख जवळजवळ अपरिहार्य ठरतो. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाने स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची तुलना करण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली. अशा तुलनेत श्वास स्वर-लयीच्या सेवेतील साधन म्हणून येतो. त्याला स्वतःचे रूप आहे, असे मानले जात नाही.

जुन्या शास्त्राची दृष्टी याहून व्यापक होती. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेला ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ मराठवाड्याच्याच भूमीत सिद्ध झाला. त्याच्या पहिल्या अध्यायात ‘नाद’ या शब्दाची फोड करताना नकार म्हणजे प्राण आणि दकार म्हणजे अग्नी असा अर्थ लावला आहे. श्वास आणि शरीरातील ऊष्मा यांच्या संयोगातून नाद निर्माण होतो, ही ती धारणा. वाद्याध्यायात वंशवाद्यांचा, म्हणजे बासरीच्या प्रकारांचा, सविस्तर विचार आहे. फुंकण्याचे छिद्र आणि त्याच्या जवळचे स्वरछिद्र यांतील अंतर एक अंगुळ असेल तर ती बासरी ‘एकवीर’, दोन अंगुळे असेल तर ‘उमापती’, तीन असेल तर ‘त्रिपुरुष’ अशी ही नामावली पुढे जाते. तेथेच फूत्काराचे, म्हणजे फुंकेचे गुण सांगितले आहेत. स्निग्धता, घनता, कोमलता, माधुर्य अशा त्या गुणांत भर नादाच्या प्रतीवर आहे, लांबीवर नाही.

याच ग्रंथाच्या प्रकीर्णकाध्यायात गायकाचे पंचवीस दोष नोंदवले आहेत. त्यांपैकी ‘तुंबकी’ हा दोष येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तुंब्यासारखा गळा फुगवून गाणाऱ्याला हे नाव दिले आहे. श्वासाचा ताण चेहऱ्यावर आणि गळ्यावर दिसू नये, असा हा सौंदर्यविचार आहे. पुढे सनईचा विचार करताना या ‘तुंबकी’ला वेगळा अर्थ प्राप्त होतो. येथे एवढेच नोंदवणे पुरेसे आहे की शार्ङ्गदेवाकडे श्वासाच्या गुणांची आणि दोषांची भाषा होती. आधुनिक समीक्षेने तीतून लांबीचे परिमाण तेवढे जवळ ठेवले.

३. शाकुहाची : संपणारा श्वास

शाकुहाची हे नाव मापावरून आले आहे. एक शाकू आणि आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर, ही तिची प्रमाण लांबी होय. बांबूच्या बुंध्याकडचा, मुळांच्या गाठी असलेला भाग तिच्यासाठी वापरतात. पुढे चार आणि मागे अंगठ्यासाठी एक अशी केवळ पाच छिद्रे तिला असतात. ती आडवी न धरता उभी धरतात. वरचे तोंड हनुवटीने अर्धे झाकले जाते आणि समोरच्या काठावर बाहेरच्या बाजूने दिलेल्या तिरप्या छेदावर फुंक पडते.

या रचनेतूनच तिची श्वसनपद्धती उद्भवते. आपल्याकडे जत्रेत मिळणारे अलगूजही उभे धरतात. परंतु त्याच्या तोंडाशी हवेसाठी ठरावीक वाट केलेली असल्यामुळे लहान मुलानेही फुंक मारली की सूर निघतो. शाकुहाचीत अशी वाट नाही. हवेचा झोत किती रुंद, किती तिरपा आणि कडेपासून किती अंतरावर, हे सर्व ओठ आणि मान यांनी ठरवायचे असते. नवशिक्याला अनेक दिवस केवळ हवेची सळसळ ऐकू येते. मान खाली झुकवली की सूर उतरतो व मंद होतो, त्यास ‘मेरी’ म्हणतात. मान उचलली की सूर चढतो व उजळतो, त्यास ‘कारी’ म्हणतात. स्वरांचे कंपनही प्रामुख्याने मानेच्या हालचालीतून येते. स्वर वेगळे करण्यासाठी जिभेचा आघात करण्याची रीत या परंपरेत नाही. ते काम बोटांच्या झटक्याने होते, त्यामुळे श्वासाचा प्रवाह जिभेने कापला जात नाही.

या वाद्याचे मूळ भांडार ‘होन्क्योकु’ या नावाने ओळखले जाते. या एकट्याने वाजवायच्या रचनांत बहुतेक ठिकाणी ठोक्याने मोजलेला ताल नसतो. एक श्वास म्हणजे एक वाक्य, हाच तिचा मापदंड. श्वास सुरू होतो, भरतो, ओसरतो आणि संपतो. नंतर शांतता येते, आणि वादक पुढचा श्वास घेतो. सूर हळू उगवून मध्यावर भरावा आणि शेवटी बारीक होत जावा, या पद्धतीला बांबूच्या पानाच्या आकारावरून ‘सासाबुकी’ असे नाव आहे. श्वासाला स्पंदने देत फुंकण्याची ‘कोमिबुकी’ ही दुसरी पद्धत. ‘मुराइकी’त फुंक इतक्या जोराने सोडतात की सुरापेक्षा वाऱ्याचा आवाज मोठा होतो. ज्या ध्वनीला आपल्याकडील बासरीवादक दोष समजून टाळतात, तो येथे मुद्दाम कमावला जातो. ‘रो’ हा सर्वांत खालचा सूर दीर्घकाळ एकेका श्वासाने फुंकत राहणे, हा प्रारंभिक आणि आयुष्यभर चालणारा रियाझ मानला जातो.

या सर्वांत श्वासाची लांबी गौण नाही, परंतु निर्णायकही नाही. लांब श्वास घेऊन तो मध्येच, भरलेल्या अवस्थेत तोडणारा वादक कमी प्रतीचा ठरतो आणि छोटाच श्वास शेवटच्या थेंबापर्यंत नीट उतरवणारा वादक श्रेष्ठ ठरतो. दोन स्वरांमधील रिकाम्या अवकाशाला जपानी सौंदर्यविचारात ‘मा’ ही संज्ञा आहे. शाकुहाचीत हा अवकाश उघडा असतो. मागे तंबोरा नाही, ताल नाही. श्वास संपल्यावर जे उरते ती निखळ शांतता असते, आणि वादकाचा श्वास आत घेतानाचा आवाजही श्रोत्याला ऐकू येतो. तो लपवण्याची गरज कोणाला वाटत नाही.

४. बासरी : झाकलेला श्वास

हिंदुस्थानी बासरीला रागसंगीताच्या मैफलीत स्वतंत्र स्थान मिळवून देण्याचे श्रेय पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांना दिले जाते. त्यांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी प्रचारात आणली आणि तीव्र मध्यमासाठी सातव्या छिद्राची योजना केली. लांब बासरीमुळे मंद्र सप्तकातील आलापी शक्य झाली, पण त्याचबरोबर श्वासाचा प्रश्नही बिकट झाला. रुंद नळी आणि मोठे फुंकछिद्र यांमुळे हवा वेगाने खर्च होते. शिवाय बासरीत ओठांसमोर कोणताही अडसर नसल्यामुळे हवा साठवून पुरवून वापरण्याची सोय फारशी नाही. आखाड्यातील व्यायामाची पार्श्वभूमी पन्नालाल घोष यांच्याप्रमाणेच पुढे हरिप्रसाद चौरसिया (जन्म १९३८) यांनाही होती, हा केवळ चरित्रातील योगायोग मानता येत नाही.

तरीही श्वास तुटतोच, आणि मैफलीत तो जाणवत नाही. याचे कारण वादकाच्या छातीत जितके आहे, तितकेच त्याच्या मागे बसलेल्यांत आहे. बासरीवादक श्वास घेतो तेव्हा तंबोऱ्याचा षड्ज सुरूच असतो. तबल्याचा ठेका सुरू असतो. अनेक मैफलींत गुरूच्या मागे बसलेला शिष्य दुसऱ्या बासरीवर तोच सूर हलकेच धरून ठेवतो. श्रोत्याला जे अखंड वाटते ते अनेक जणांच्या सहकार्याने अखंड झालेले असते. समीक्षक त्याचे श्रेय मात्र एकाच व्यक्तीच्या दमसासाला देतो. तंबोऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतल्यानंतर ही मदत आणखी अदृश्य झाली. आता ती माणसाची राहिली नाही, त्यामुळे तिच्याविषयी कृतज्ञतेची गरजही उरली नाही.

५. सनईचा सूर : न संपणारा श्वास

सनईची स्थिती बासरीच्या नेमकी उलट आहे. दुहेरी पत्तीच्या अरुंद फटीतून हवा अतिशय थोडी जाते, पण तिला दाब मोठा लागतो. त्यामुळे सनईवादकाची अडचण हवा संपण्याची नसते. उलट छातीत वापरलेली हवा साचून राहते आणि ताजी हवा घेण्याची निकड निर्माण होते. यावर परंपरेने काढलेला उपाय म्हणजे गालांत हवा साठवून ती गालांच्या दाबाने पुढे ढकलत असतानाच नाकाने श्वास आत ओढणे. या चक्रीय श्वसनामुळे सूर कुठेही खंडित होत नाही. वारली समाजातील तारपावादक भोपळ्याच्या या वाद्यावर, आणि गारुडी पुंगीवर, हेच तंत्र वापरतात. तारप्याभोवतीचा नाच तासन्‌तास चालतो, तो या अखंड श्वासाच्या आधारावर.

सनईच्या ताफ्यात मुख्य वादकाबरोबर ‘सूर’ धरणारा एक साथीदार असतो. त्याच्या सनईवर एकच स्वर असतो. राग बदलो, लय वाढो, मुख्य वादक थांबून पाणी पिवो, या माणसाचा श्वास थांबत नाही. शार्ङ्गदेवाने गायकाच्या फुगलेल्या गळ्याला दोष म्हटले. येथे फुगलेले गाल हीच तंत्राची पहिली अट आहे. ज्याला शास्त्राने कुरूप मानले त्याच्याच बळावर मंगलध्वनी उभा राहतो.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांना २००१ मध्ये भारतरत्न मिळाले आणि सनई देवळाच्या नगारखान्यातून सभागृहात कशी आली, याचा इतिहास लिहिला गेला. महाराष्ट्रात पुण्याचे शंकरराव गायकवाड यांनी हे वाद्य मैफलीत आणले. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईची लहान बहीण मानली जाणारी सुंदरी जपली. या इतिहासात मुख्य वादकाचे नाव आहे आणि ते असायलाच हवे. सूर धरणाऱ्याचे नाव मात्र बहुधा नसते. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, कार्यक्रमपत्रिकेवर आणि समीक्षेत त्याला जागा मिळत नाही, कारण ‘त्याने काय वाजवले’ या प्रश्नाचे उत्तर ‘एकच सूर’ एवढेच आहे. दमसास मोजणाऱ्या समीक्षेला सर्वांत दीर्घ श्वास दिसला नाही, ही विसंगती साधी नव्हे. जो श्वास कधी संपतच नाही, त्याच्या लांबीची दाद कोणत्या क्षणी द्यायची, याचे उत्तर या समीक्षेजवळ नव्हते.

६. जाते आणि ओवी : वाटून घेतलेला श्वास

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी असलेले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनाबाईंच्या प्रतिमेशी जाते अतूट जोडले गेले आहे. दळता-कांडता विठ्ठल मदतीला येतो, ही कल्पना मराठी मनात खोल रुजली आहे. या कल्पनेचा भक्तिपर अर्थ सर्वपरिचित आहे. तिचा एक शारीरिक अर्थही आहे. जाते एकटीने ओढणे कठीण असते. खुंट्याला समोरून दुसरा हात लागला की ओझे हलके होते आणि छातीत गाण्यापुरता श्वास उरतो. विठ्ठल जात्याला हात लावतो, याचा एक अर्थ असा की तो गाणारीला श्वास देतो.

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून गी पॉतवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहापर्यंत या परंपरेचे मोठे दस्तऐवजीकरण झाले आहे. दुसऱ्या संग्रहात पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या परभणी जिल्ह्यातील गावांचाही आवाज आहे. या ओव्यांचा अभ्यास आशयाच्या अंगाने विपुल झाला. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरी, आंबेडकर हे विषय वर्गीकृत झाले. ओवीच्या रूपाचा विचार मात्र बहुधा अक्षरसंख्येपाशी आणि यमकापाशी थांबतो. प्रत्यक्षात ओवीच्या चरणाची लांबी अक्षरांनी ठरण्याआधी दोन गोष्टींनी ठरते : जात्याचा फेरा आणि ओढणाऱ्या शरीराचा श्वास. खुंटा आपल्याकडे ओढताना लागणारा जोर आणि तो पलीकडे जाताना मिळणारी क्षणभराची सैल यांवर शब्द बसवावे लागतात. समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक चरण सोडते तेव्हा दुसरी तो उचलते. पहिली त्या अवधीत श्वास घेते.

येथे श्वास संपल्यावर काय उरते? जात्याची घरघर उरते. तो या गायनाचा तंबोरा आहे आणि तो गाणारीच्याच हाताने चालतो. त्याबरोबर समोरच्या बाईचा आवाज उरतो. शाकुहाचीच्या भांडारात ‘शिका नो तोने’ ही रचना प्रसिद्ध आहे. दूरवरून एकमेकांना साद घालणाऱ्या हरणांचा तो भास. दोन वादक आलटून पालटून फुंकतात आणि एकाच्या श्वासाचा शेवट दुसऱ्याच्या प्रारंभाला जागा देतो. त्या रचनेला जगभरच्या सभागृहांत कलाकृतीचा मान आहे. ओवीतील हीच देवघेव कलाकृती म्हणून पाहिली गेली नाही, कारण ती पहाटे, पिठाच्या धुळीत आणि श्रोत्यांवाचून घडत होती.

ही वाटणी केवळ ओवीपुरती मर्यादित नाही. गोंधळात आणि पोवाड्यात मुख्य गायकाची ओळ संपते तेथे झीलकरी वरच्या सुरात झील धरतात. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यासारख्या कलावंताचे निवेदन रात्रभर टिकते, त्यात या झिलेचा वाटा मोठा असतो. भजनात टाळकरी, परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसातील कव्वालीत मागची मंडळी हेच कार्य करतात. ‘झील’ या शब्दाला मराठीत अचूक अर्थ आहे, पण समीक्षेने त्याला संज्ञेचा दर्जा दिलेला नाही. ‘दमसास’ला तो दिला. एका शब्दात एकट्याची छाती आहे, दुसऱ्यात इतरांनी दिलेला आधार आहे. समीक्षेची निवड यावरून स्पष्ट होते.

७. ‘प्राण’ आणि ‘फुंक’ : भाषेतील श्रेणी

ही निवड केवळ सौंदर्यविषयक नाही. मराठी भाषेत श्वासाच्या क्रियांना वेगवेगळी प्रतिष्ठा आहे. वेणू श्रीकृष्णाची असल्यामुळे तिच्याविषयी लिहिताना प्राण, प्राणायाम, ब्रह्मनाद असे शब्द सहज येतात. तुतारी फुंकणे यात वीरश्री आहे. ‘पुंगी वाजणे’ आणि ‘पिपाणी’ हे शब्द मात्र हेटाळणीचे आहेत. पैसे फुंकले जातात आणि कानही फुंकले जातात. याच भाषेत ‘फुंकर’ हा मात्र अतिशय हळवा शब्द आहे. जखमेवर, डोळ्यांत गेलेल्या कणावर, गरम घासावर ती घातली जाते. चुलीपुढची फुंकणी ही पोकळ नळी तर मराठवाड्यातील स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. धुरात डोळे चोळत तिच्यातून विस्तव फुलवणाऱ्या स्त्रीचे श्वासावरील नियंत्रण कोणी कलेच्या परिभाषेत मांडलेले नाही.

या श्रेणीमागे जातिव्यवस्था आहे, हे नाकारता येत नाही. मराठवाड्यात हलगी, डफडे आणि सनई यांचे वादन मोठ्या प्रमाणावर मातंग समाजाकडे राहिले. अन्यत्र गुरव, घडशी, न्हावी या जातींकडे सनई होती. लग्नाचा मंगलध्वनी ज्यांच्या श्वासातून येई, त्यांची बसण्याची जागा मांडवाबाहेर असे. ओठांना लागलेले वाद्य उष्टे मानले जाते, या धारणेनेही फुंकवाद्यांना तंतुवाद्यांच्या तुलनेत खालची पायरी मिळाली. कृष्णाची मुरली ओठांना लागूनही पवित्र राहिली आणि वाजंत्र्याची सनई मंगल असूनही बाहेर राहिली. श्वास एकच, परंतु एकाच्या श्वासाला प्राण म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या श्वासाला फुंक.

समीक्षेने ‘दमसास’ ही संज्ञा मैफलीच्या मंचापुरती राखून ठेवली, तेव्हा तिने नकळत हीच श्रेणी पुढे चालवली. सूर धरणारा साथीदार, झीलकरी आणि जात्यापुढची बाई हे तिघेही या संज्ञेच्या कक्षेबाहेर राहिले.

८. संभाव्य आक्षेपांचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की शाकुहाचीचे श्वसन ही ध्यानसाधना आहे. तिची तुलना लग्नातील सनईशी किंवा दळणाच्या गाण्याशी करणे अनाठायी आहे. या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. फुके पंथाचे कोमुसो भिक्षू डोके झाकणारी विणलेली टोपली घालून शाकुहाची वाजवत भिक्षा मागत फिरत, हे खरे आहे. फुंकण्यालाच ध्यान मानणारी ‘सुइझेन’ ही संकल्पना त्यांच्याशी निगडित आहे. परंतु या पंथात सामुराई वर्गातील लोकांचा भरणा होता आणि प्रवासासारख्या बाबतींत त्यांना सवलती होत्या. पंथाची वंशावळ थेट चीनमधील एका झेन आचार्यापर्यंत नेणारी कथा विश्वसनीय मानली जात नाही. १८७१ मध्ये मेइजी शासनाने हा पंथ रद्द केला. त्यानंतर वाद्य टिकले ते शिकवण्या देणाऱ्या, मैफली करणाऱ्या वादकांमुळे. कुरोसावा किन्को (१७१०–१७७१) यांनी ठिकठिकाणच्या मठांतून गोळा केलेल्या रचना किन्को परंपरेने जपल्या. १८९६ मध्ये नाकाओ तोझान यांनी नवी परंपरा सुरू केली. १९६७ मध्ये तोरू ताकेमित्सू यांच्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’ या रचनेत योकोयामा कात्सुया यांची शाकुहाची न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासमोर उभी राहिली. तात्पर्य, शाकुहाचीचा श्वासही भिक्षा, वर्ग, सत्ता आणि बाजार यांतून आलेला आहे. तिला शुद्ध अध्यात्म मानणे आणि आपल्या वाजंत्र्याला निव्वळ रोजगार मानणे, ही दोन्ही एकाच चुकीची रूपे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सूर धरणे किंवा दळताना गाणे यांना कलामूल्य देताना त्यांतील सक्तीचा आणि दारिद्र्याचा विसर पडण्याचा धोका आहे. जाते गेले आणि पिठाची गिरणी आली, हे स्त्रियांच्या दृष्टीने सुटकेचे पाऊल होते. बलुत्याचे बंधन तुटले, हेही इष्टच झाले. त्या कष्टांचे उदात्तीकरण अप्रामाणिक ठरेल. म्हणून येथे कष्टांचे समर्थन केलेले नाही. त्या कष्टांतून सिद्ध झालेल्या श्वसनविद्येची नोंद समीक्षेने घ्यावी, एवढाच आग्रह आहे. कष्ट संपणे आवश्यक होते. त्यांच्याबरोबर ती विद्या निनावी संपणे आवश्यक नव्हते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. श्वासाचे कलामूल्य केवळ त्याच्या लांबीत नसते. श्वास संपल्यावर त्या जागी काय उरते, यावर त्याचा अर्थ ठरतो. शाकुहाचीत शांतता उरते. बासरीत तंबोरा आणि शिष्याचा सूर उरतो. सनईत सूर धरणाऱ्याचा अखंड श्वास उरतो. ओवीत जात्याची घरघर आणि समोरच्या स्त्रीचा आवाज उरतो.

२. ‘दमसास’ ही संज्ञा उपयुक्त असली तरी ती एकट्या कलावंताची क्षमता मोजते. सामूहिक श्वसनाच्या विचारासाठी ‘सूर धरणे’ आणि ‘झील धरणे’ या मराठीतच असलेल्या शब्दांना संज्ञेचा दर्जा देणे आवश्यक आहे.

३. ओवीच्या छंदाचा अभ्यास अक्षरगणनेबरोबरच जात्याचा फेरा आणि श्वास यांच्या अंगाने व्हायला हवा. ज्यांनी प्रत्यक्ष दळताना ओव्या गायिल्या, अशा स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. हे काम ग्रंथालयात बसून पूर्ण होणारे नाही.

४. श्वासाच्या क्रियांना भाषेने दिलेली उच्चनीचता समीक्षेने तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

मंगल कार्यालयांत आता ध्वनिमुद्रित सनई लावली जाते. ती कितीही वेळ वाजते आणि तिच्यात श्वास घेण्याचा प्रश्नच नसतो. दमसासाच्या मापाने पाहिले तर ती अजिंक्य आहे. तिच्यापुढे मांडवाबाहेर बसून गाल फुगवणारा माणूस हरणारच. मात्र त्या मापाऐवजी प्रस्तुत लेखातील प्रश्न विचारला, तर चित्र पालटते. ध्वनिमुद्रण बंद झाल्यावर मागे कोणाचाही श्वास उरत नाही. सूर धरणारा थांबला की निदान तो दम घेताना ऐकू येतो. संगीताच्या समीक्षेने हा दम घेण्याचा आवाज ऐकण्याची सवय लावून घेतली, तर तिच्या कक्षेबाहेर राहिलेली अनेक नावे तिला विचारता येतील, आणि त्यांपैकी काही जण उत्तर द्यायला अद्याप हयात आहेत.